वावराचा पत्ता दोन आकड्यांत: अक्षांश-रेखांश वाचायचे, नोंदवायचे आणि त्यावरून जागा शोधायची कशी

"डीपीपासून डावीकडे वळा, नाला उतरला की चिंचेचं झाड लागते, तिथून तिसरं वावर." आपल्याकडं शेताचा पत्ता असा सांगतात, आणि गावच्या माणसाला तो पुरतोही. पण रात्री दीड वाजता साप चावलेल्या माणसासाठी निघालेल्या १०८ च्या ड्रायव्हरला अंधारात चिंच काय दिसणार? बोअरच्या गाडीवाल्याला नाला ठाऊक नसतो. गावाच्या नावावर तर भिस्त ठेवूच नये. टाकळी, बोरगाव, वडगाव, पिंपळगाव ही नावं विदर्भात जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली आहेत, आणि मॅपवर भलतंच बोरगाव निवडून गाडी दुसऱ्या तालुक्यात पोचते.

अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे हा घोळ मिटवतात. मात्र नुसते आकडे लिहून भागत नाही. ते कोणत्या पद्धतीनं लिहिलेत आणि किती मीटरपर्यंत खरे आहेत, हे सोबत नसेल तर बरोबर आकडाही चुकीच्या वावरात नेऊन सोडतो.

पहिला कोणता, दुसरा कोणता

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश. रेखांश म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचवरून जाणाऱ्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश. ही शून्याची रेषा १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरली. लिहिताना अक्षांश आधी, रेखांश नंतर. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि ग्रीनिचच्या पूर्वेला असल्यानं आपले दोन्ही आकडे धन असतात, वजा चिन्ह कुठंच येत नाही.

विदर्भातल्या माणसानं काही गावांचे आकडे डोक्यात ठेवावेत. बुलडाणा २०.५३, ७६.१८. अकोला २०.७०, ७७.००. यवतमाळ २०.३९, ७८.१२. नागपूर २१.१५, ७९.०९. चंद्रपूर १९.९५, ७९.३०. गोंदिया २१.४६, ८०.२०. यावरून कसोटी सोपी निघते: पहिला आकडा १९, २० किंवा २१ नं सुरू व्हावा (सिरोंच्याकडं तो १८ होतो) आणि दुसरा ७६ ते ८० च्या घरात असावा. बुलडाण्याच्या अगदी पश्चिम टोकाला तेवढा ७५ लागतो. याबाहेरचं काही दिसलं तर पुढं जाऊ नका, आधी आकडे तपासा.

बहुतेक वेळा आकडे उलटे लिहिलेले असतात. ७८.६, २०.७ असं टाकलं तर मॅप तुम्हाला वर्ध्याऐवजी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर नेतो, जिथं कपाशीपेक्षा अस्वलं जास्त. दुसरा नेहमीचा प्रकार ०, ० चा. झिरो माईलचा दगड नागपुरात असला तरी अक्षांश-रेखांशाचा शून्य तिथं नाही. तो आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. फोटोवर किंवा फॉर्मवर ०, ० उमटलं म्हणजे मोबाइलला उपग्रह सापडलेच नव्हते. तो फोटो पुन्हा काढावा लागतो.

एकच जागा, तीन लिखावटी

सगळ्यात जास्त गाड्या इथं चुकतात. वर्ध्याचे आकडे घ्या. ते असे लिहिता येतात:

२०.७४५, ७८.६०२ (दशांश अंश)
२०° ४४.७′, ७८° ३६.१२′ (अंश आणि दशांश मिनिटं)
२०° ४४′ ४२″, ७८° ३६′ ०७″ (अंश, मिनिटं, सेकंद)

तिन्ही एकच. एका अंशात ६० मिनिटं, एका मिनिटात ६० सेकंद, घड्याळासारखंच. सेकंदांवरून दशांश करायचे तर मिनिटांना ६० नं भागा, सेकंदांना ३६०० नं भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. ४४ ÷ ६० = ०.७३३३; ४२ ÷ ३६०० = ०.०११७, म्हणून २०.७४५०. उलट जायचं तर ०.७४५ ला ६० नं गुणा, ४४.७ आलं, ४४ मिनिटं बाजूला ठेवून उरलेल्या ०.७ ला पुन्हा ६० नं गुणा, ४२ सेकंद.

घाईत काय होतं? कुणीतरी २०° ४४′ ४२″ पाहतो आणि सरळ २०.४४४२ असं टाकतो, रेखांशाचं ७८.३६०७ करतो. दिसायला आकडा अस्सल, विदर्भाच्या कसोटीतही बसतो, म्हणून शंका येत नाही. पण जागा दक्षिणेला ३३ किलोमीटर आणि पश्चिमेला २५ किलोमीटर सरकते. म्हणजे वर्ध्याला निघालेला माणूस यवतमाळ जिल्ह्यात कळंबच्या बाजूला पोचतो. फोनवर आकडे घेताना "पॉइंट आहे का मिनिटं?" एवढं विचारलं तरी हे टळतं. आणि मिनिटांचा किंवा सेकंदांचा आकडा कधीच ६० च्या वर नसतो. तिथं ७४ दिसलं तर ते दशांशच आहेत.

आपल्या कामाला दशांशच बरे. मॅपमध्ये टाकताना इंग्रजी आकडे वापरा, दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम द्या आणि दशांशाचा टिंब विसरू नका.

पॉइंटनंतर किती आकडे घ्यायचे

आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर. रेखांशाचा अंश थोडा लहान, सुमारे १०४ किलोमीटर, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडं जाताना एकमेकींजवळ येतात. त्यावरून हिशेब असा: पॉइंटनंतर दोन आकडे दिले तर किलोमीटरभराची जागा, म्हणजे गाव कळलं. तीन दिले तर शंभरेक मीटर, वस्ती कळली. चार दिले तर ११ मीटर, वावर आणि गोठा कळला. पाच दिले तर एक मीटर.

सहावा आकडा ११ सेंटिमीटरचा असतो, आणि मोबाइल तो खुशाल दाखवतो. त्याला भुलू नका. उघड्यावर साध्या मोबाइलची चूक ३ ते ५ मीटर असते. मग सेंटिमीटरच्या आकड्याला काय अर्थ? पाच आकडे लिहा आणि थांबा. उलट, चारापेक्षा कमी आकड्यांवर कुणी विहीर शोधायला निघाला असेल तर त्याला परत बोलवा.

जागेवर उभं राहून नोंद घेताना

मोबाइलचं जीपीएस उपग्रहांकडून येणारे संदेश ऐकतं. त्यासाठी सिम, रेंज, नेट काही लागत नाही. नेट असलं तर उपग्रह आत्ता कुठं आहेत ही माहिती आयती मिळते, म्हणून जागा पटकन सापडते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहांकडूनच उतरवून घ्यावी लागते. मेळघाटात किंवा भामरागडकडं रेंज नसताना मोबाइल सुरू केला तर काही मिनिटं लागतील. तो बिघडला असं समजू नका. जागा ठरायला किमान चार उपग्रह लागतात.

आधी लोकेशन सुरू करा आणि ॲपला अचूक लोकेशनची परवानगी दिली आहे का पाहा. अंदाजे लोकेशनवर काही ॲप किलोमीटर-दोन किलोमीटरचा गोळा देतात आणि माणूस मोबाइलला शिव्या घालतो. मग उघड्यावर उभं राहा. टिनाच्या कोठ्यात, दाट आंब्याखाली, सागवानात किंवा भिंतीला खेटून घेतलेली नोंद दहा-वीस मीटरनं सहज हलते, कारण लहरी भिंतीवर आपटून वळसा घालून येतात आणि मोबाइलला अंतर जास्त वाटतं. आभाळ आलं म्हणून मात्र बिघडत नाही; झाकोळातही नोंद चांगली मिळते.

एका जागी दोन-तीन मिनिटं थांबा. मॅपवरच्या निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ आवळत जातं. ते आवळायचं थांबलं की आकडे घ्या. मॅपवर बोट दाबून पिन टाकताना पूर्ण झूम करा. दूरून दाबलं तर बोटाच्या जाडीएवढी चूकही वीस मीटरची होते. त्यापेक्षा आकडे आणि अचूकता थेट दाखवणारं एखादं जीपीएस ॲप बरं. आयफोनमध्ये कंपास ॲपच्या तळाशी आकडे दिसतात, पण ते अंश-मिनिटं-सेकंदांत असतात, हे ध्यानात ठेवा.

अँड्रॉइडवर "अचूकता ४ मीटर" असं दिसतं त्याचा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो. खरी जागा चार मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के आहे, एवढंच तो सांगतो. म्हणजे तीनातून एकदा जागा वर्तुळाबाहेर. महत्त्वाची खूण असेल, पुरलेली पाइपलाइन किंवा बोअरचा केसिंग, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरानं चार-पाच नोंदी घ्या आणि सरासरी काढा. लगोलग घेतलेल्या पाच नोंदींचा फायदा नाही, त्यांत एकच चूक पाचदा येते. विहिरीसाठी एवढी यातायात करू नका. विहीर सहा-आठ मीटर रुंद असते, काठावरची एक नोंद पुरे.

वहीत ओळ अशी असावी: "बोअर, गट नंबर अमुक, २०.६१२४३, ७८.७०५१८, दशांश, ४ मीटर, तारीख, पूर्व धुऱ्यावरच्या बाभळीपासून पश्चिमेला ३१ पावलं." शेवटची पावलांची नोंद फालतू वाटते, पण मोबाइल पाण्यात पडला की तीच कामाला येते. (हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तिथं कुणाच्या वावरात जाऊ नका.)

दुसऱ्याला पाठवताना

व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा, पण आधी अचूकतेची ओळ वाचा. शंभर मीटर दाखवत असेल तर मिनिटभर थांबा. लाइव्ह लोकेशन तुमच्याबरोबर हलतं. बोअरवाल्याला ते पाठवून तुम्ही चहाला गावात आलात, तर गाडीही गावात येते. जागेचं सांगायचं असेल तर स्थिर लोकेशन पाठवा आणि खाली आकडे टाइप करून द्या. ज्याचं नेट बंद असतं त्याला आकडे साध्या मेसेजनं किंवा बोलूनही देता येतात. बोलताना एक-एक अंक सुटा सांगा: "दोन शून्य पॉइंट सहा एक दोन चार तीन". "एकसष्ट हजार..." असं सांगायला लागलं की गडबड झालीच. समोरच्याकडून परत वाचून घ्या.

फोटोतल्या लोकेशनचं वेगळं आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग सुरू असेल तर आकडे फोटोच्या आत साठतात, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते गळून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतात. नुकसानीचा पुरावा ठेवायचा असेल तर मूळ फोटो मोबाइलमधून डिलीट करू नका. ई-पीक पाहणीसारख्या ॲपमध्ये फोटो वावरात उभं राहूनच काढा. घरी बसून भरलं तर आकडे घराचे जातात.

आता टपाल खात्याचा डिजिपिनही आहे, २०२५ मध्ये आलेला. देशाचे साधारण ४ बाय ४ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी कोड दिलाय. गूगलचा प्लस कोड तसाच. दोन्ही अक्षांश-रेखांशांचीच आटोपशीर रूपं आहेत, त्यामुळं आकडे चुकले तर कोडही चुकणार.

आकड्यांवरून जागा शोधणं

उन्हाळ्यात झाकण लावून बुजवलेला बोअर ऑगस्टमध्ये सोयाबीनखाली गडप झालाय असं धरा. वहीत २०.६१२४३, ७८.७०५१८ आहे. तुम्ही धुऱ्यावर उभे आहात आणि मोबाइल २०.६११९७, ७८.७०५५५ दाखवतो.

अक्षांश ०.०००४६ नं वाढायला हवा. पाचव्या घरातला एक आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण १.१ मीटर, तेव्हा ४६ म्हणजे सुमारे ५१ मीटर उत्तरेला. रेखांश ०.०००३७ नं कमी व्हायला हवा. पूर्व-पश्चिम एक आकडा म्हणजे १.०४ मीटर, म्हणून साधारण साडेअडतीस मीटर पश्चिमेला. सूत्र एवढंच: उत्तरेला चाललं की पहिला आकडा वाढतो, पूर्वेला चाललं की दुसरा.

आता मोबाइल खिशात ठेवला तरी चालेल. तासं उत्तर-दक्षिण पेरली असतील तर तासातूनच ५१ मीटर वर चला. पावलांनी मोजायचं असेल तर आपलं पाऊल आधी मोजून घ्या. डांबरी रस्त्यावरचं ७५ सेंटिमीटरचं पाऊल ओल्या काळ्या मातीत, चपलेला चिखलाचा गोळा चिकटल्यावर, तेवढं पडत नाही. पश्चिमेकडं जाताना तासं मोजा. सोयाबीन १८ इंचांवर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर असेल तर साडेअडतीस मीटरला ८५ तासं येतात. पिकाची तासं हा टेपपेक्षा सोयीचा टेप आहे.

तिथं पोचल्यावर पुन्हा मोबाइल काढा, पण पाचव्या आकड्याच्या मागं लागू नका. उभं राहिलं तरी तो हलत राहतो आणि माणूस त्याच्यामागं गोल गोल फिरत पीक तुडवतो. दिशेच्या बाणावरही जाऊ नका. चालताना मोबाइलला दिशा हालचालीवरून कळते. थांबलं की तो आतल्या होकायंत्रावर अवलंबून असतो, आणि चुंबकाचं बटण असलेलं कव्हर त्याला हमखास फसवतं. कव्हर काढून मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवला की तो ताळ्यावर येतो.

नोंद घेताना ४ मीटरची चूक आणि आत्ता ४ मीटरची, दोन्ही मिळून सुमारे ६ मीटर होतात; ८ नाही, कारण दोन्ही चुका दर वेळी एकाच दिशेला पडत नाहीत. म्हणून मधोमध खुंटी ठोका, दोरीला मीटर-मीटरवर गाठी बांधा आणि आतून बाहेर वर्तुळात सब्बल टोचत या. सहा मीटरपर्यंत नाही सापडलं तर दहा-बारापर्यंत जा. त्याच्याही पुढं सापडला नाही तर वावर खोदत बसू नका. मूळ आकडा तपासा.

धुऱ्याच्या भांडणात मोबाइल आणू नका

एक एकर चौकोनी वावराची बाजू सुमारे ६३.६ मीटर असते. एका धुऱ्याची रेघ ५ मीटर सरकली तर ३१८ चौरस मीटर, म्हणजे तीन आरांहून जास्त जमीन इकडची तिकडं. आणि ५ मीटर ही मोबाइलची नेहमीची चूक. फवारणीचा किंवा नांगरटीचा हिशेब करायला वावराभोवती फिरून क्षेत्र काढा, खुशाल. पण शेजाऱ्याला "माझ्या मोबाइलमध्ये तुझं कुंपण आत आलंय" असं सांगू नका. सरकारी मोजणीतला रोव्हर (उपग्रहांवर चालणारं मोजणीचं यंत्र) जमिनीवर कायम बसवलेल्या स्टेशनांकडून दुरुस्ती घेऊन सेंटिमीटरांत मोजतो. त्याची आणि मोबाइलची बरोबरी नाही. उपग्रहाच्या चित्रावर धुरा दिसतो म्हणून तोही पुरावा होत नाही, कारण चित्र स्वतःच काही मीटर सरकून बसलेलं असू शकतं.

जुना नकाशा हाती आला तर

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर, म्हणजे तपशीलवार नकाशावर, रिठी (उजाड) गावं, जुने नाले, पांदणी दिसतात. शीट शोधणंही अक्षांश-रेखांशावरच चालतं. ५५ क्रमांकाच्या चौकोनात २० ते २४ अंश उत्तर आणि ७६ ते ८० अंश पूर्व एवढा भाग येतो. त्याचे ए पासून पी पर्यंत एक-एक अंशाचे सोळा भाग, आणि प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा. नागपूर ५५ ओ/४ मध्ये पडतं. २० अंशांच्या खालचा चंद्रपूर-सिरोंच्याकडचा भाग ५६ मध्ये, ८० अंशांच्या पलीकडचा गोंदिया ६४ मध्ये.

सापळा असा की जुन्या शीटचे आकडे एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीगोलाच्या जुन्या मापावर मोजलेत आणि मोबाइलचे डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या नव्या मापावर. जुन्या शीटवरून काढलेला आकडा मोबाइलमध्ये टाकला तर आपल्याकडं जागा शंभर-दोनशे मीटर हलते. शीटच्या कडेला कोणतं मानक लिहिलंय ते आधी वाचा. नव्या मालिकेत हा प्रश्न नाही. ज्या मोजणीतून हे नकाशे आले ती १८०२ साली सुरू करणारा विल्यम लॅम्बटन, ७८ व्या रेखांशालगत मोजत मोजत, १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथंच आहे. ७८ ची ती रेषा यवतमाळ शहराच्या दहा-बारा किलोमीटर पश्चिमेनं जाते.

काठीवरून आकडे

शाळेत मुलांना दाखवायचं असेल तर मोबाइल बाजूला ठेवा. १५ एप्रिलला एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी करा आणि पावणेबारापासून सावलीच्या टोकाला दर दोन मिनिटांनी खूण करा. यवतमाळला सगळ्यात आखूड सावली १८.९ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सावलीला काठीच्या लांबीनं भागलं की ०.१८९, त्याचा कोन (कॅल्क्युलेटरवर tan⁻¹) १०.७ अंश, त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे ९.७ अंश उत्तरेला असतो, बेरीज २०.४, हाच अक्षांश.

रेखांशासाठी घड्याळ पाहा. आपली वेळ ८२.५ अंशांच्या रेषेची आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला घड्याळाची चार मिनिटं लागतात. सावली १२ वाजून साडेसतरा मिनिटांनी आखूड झाली तर साडेसतराला चारनं भागा, ४.४ आले, ८२.५ मधून वजा केले की ७८.१. तारीख हीच घ्या, कारण इतर बहुतेक दिवशी सूर्य घड्याळाच्या पुढंमागं असतो. सावलीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर अक्षांश ६० किलोमीटरनं चुकतो, आणि वेळेत एका मिनिटाची झाली तर रेखांश २६ किलोमीटरनं. आखूड सावली नेमकी कोणत्या क्षणी पडली हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून दुपारपूर्वी आणि दुपारनंतर सावली सारख्याच लांबीची होईल त्या दोन वेळा टिपा आणि त्यांच्या मधोमधची वेळ घ्या.